युसॉंगच्या बाजारातल्या इमोंना

इमो,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही आणि मला कोरियनमध्ये एवढं लांबलचक लिहायला अजून जमत नाही. तरी लिहिते. कोरियन शिकणाऱ्या एखाद्या मराठी पोरीच्या हाती हे पत्र लागलं, तर तिच्यातर्फेही आभार समजा.

भाजीवालीला मावशी म्हणायची सवय मी पुण्याहून घेऊन आले होते. दक्षिण कोरियात, तुमच्या देजॉन शहरात येऊन कळलं की इकडेही अनोळखी बाईला बिनदिक्कत ‘इमो’ म्हणतात, म्हणजे आईची बहीणच. आणि आपला आठवडी बाजार, तसा युसॉंगचा दर पाच दिवसांनी, तारखेत शेवटी चार किंवा नऊ आलं की भरणारा. तुमच्यासमोर उभी राहिले तेव्हा अर्धं घर सापडल्यासारखंच झालं होतं. भाषेचं तेवढं राहिलं होतं.

विशेषणं मी पाठ केली होती हो. मोठं-लहान, लांब-आखूड, जाड-पातळ, सगळ्या जोड्या वहीत दोन रकान्यांत. तुमच्या भाषेत विशेषणच क्रियापदासारखं चालतं, ‘मोठं आहे’ हे ‘खॉयो’ एवढ्या एका शब्दात उरकतं आणि नामाच्या आधी आलं की त्याचं ‘खन’ होतं, हेही घोटलं होतं. मोठा कोबी, मोठी काकडी, मोठं वांगं असलं काही नाही, सगळ्यांना एकच ‘खन’. तेवढं एक सुख.

मग महाशिवरात्र आली. उपासाला रताळी हवी होती, ती पण बोटाएवढी, पटकन उकडणारी. मी वहीतला ‘पातळ’ काढला आणि ऐटीत म्हटलं, ‘याल्बन गोगुमा’. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, रताळ्यांकडे पाहिलंत, आणि सुरी उचललीत. एका जाडजूड रताळ्याची चकती कापली, इतकी पातळ की उजेडात धरली तर पलीकडचं दिसावं. ती माझ्या तळहातावर ठेवून म्हणालात, ‘हे याल्बन.’ मग ढिगातून एक काटकुळं रताळं काढलंत, त्याच्याभोवती अंगठा आणि तर्जनीचं कडं केलंत आणि म्हणालात, ‘हे गानन.’ तेच कडं शेजारच्या गलेलठ्ठ रताळ्याभोवती पुरेना, तेव्हा ‘गुल्गन’. शेवटी भाजी चिरायच्या फळीच्या कडेवर बोट आपटून ‘दुक्कॉउन’. चार शब्द, दोन मिनिटं. चपट्या वस्तूची जाडी वेगळी आणि गोल, लांबट वस्तूची वेगळी. माझ्या वहीत दोन्हीकडे नुसतं ‘जाड’ आणि ‘पातळ’ होतं. चकती तुम्ही मला कच्चीच खायला लावलीत. गोड होती.

खरी गंमत पुढच्या खेपेला झाली, मिठाच्या पिशव्यांपाशी. खिमचीच्या कोबीला लावायचं ते ‘गुल्गन सोगम’, दुसरं ‘गानन सोगम’. अहो, हे तर आमचं जाडं मीठ आणि बारीक मीठ! आम्हीही बारीक दोरा म्हणतो आणि पातळ कागद म्हणतो, पातळ दोरा कुणी म्हणत नाही. म्हणजे तुमचा अर्धा धडा माझ्या आईच्या स्वयंपाकघरात होऊन गेला होता, फक्त वहीच्या रकान्यात तो मावला नव्हता. बटाट्याला आणि पावसाच्या थेंबाला तुम्ही ‘गुल्गन’ म्हणता, तिथे आमचा ‘टपोरा’ चपखल बसतो. शब्दकोशानं मला ‘टपोरा’ कधीच सुचवला नसता.

बाबांचा फोटो दाखवून मी ‘नोपायो’ म्हणाले होते, उंच आहेत म्हणून. तुम्ही हसून ग्येर्योंगसान डोंगराच्या दिशेला हात केलात. डोंगर नोप्ता, माणसाची ‘खी’ म्हणजे उंची मोठी असते, ‘खी खॉयो’. आणि माणसाला ‘नोपन’ लावलं तर तो बडा साहेब होतो, हे कळल्यावर मला घरी फोन करून सांगावंच लागलं. बाबा एसटीत कंडक्टर होते. फार खूश झाले.

दोंगल-दोंगल आणि दुंगल-दुंगलचाही उल्लेख करायला हवा. छोटा टोमॅटो दोंगल, भोपळा दुंगल. आतला स्वर बदलला की गोलाई लहानाची मोठी. आम्ही हे काम डबा-डबी, सुरा-सुरी असं लिंग बदलून करतो. तुम्ही भोपळ्यावर थाप मारून ‘दुंगल’ म्हणालात, तो घुमलेला आवाज लक्षात राहिला. नियम नंतर वाचला.

एक तक्रार आहे. वाक्याच्या शेवटी ‘यो’ऐवजी तुमचं ते ऐसपैस छुंगछॉंगी, म्हणजे इकडच्या छुंगछॉंग भागातल्या बोलीतलं ‘यू’ माझ्या तोंडात बसलंय. प्रयोगशाळेत मी ‘खॉयू’ म्हटलं की सेऊलची मुलं खाली माना घालून हसतात. हसू देत.

गेल्या बाजाराला तुम्ही विचारलंत, तुमच्याकडे गुल्गनला काय म्हणतात? मी ‘टपोरा’ म्हटलं. तुम्ही दोनदा घोळवून ‘थापोरा’ केलंत आणि पलीकडच्या लसूणवालीलाही शिकवलंत. नऊ तारखेला येतेय. बटाट्यांची एक बागुनी, म्हणजे टोपली, बाजूला ठेवा. थापोराच बघून.

तुमची,
रताळीवाली पोरगी