तुमच्या गच्चीची किल्ली

दांडिया बाजार, वडोदरा
२० जानेवारी

प्रिय बंडू,

तिळगूळ घे, गोड बोल. परवा फोनवर तू विचारलंस, उत्तरायण कसं झालं? उंधियू, जिलबी, दोन दिवस गच्चीवर "काप्यो छे!"चा गजर, सगळं झालं. पण मला सांगायचं होतं ते त्याच्या पुढचं, म्हणून पत्र लिहायला बसलो.

गेल्या एप्रिलमध्ये आपल्या वाड्यामागच्या पिंपळावर एक मोठं वटवाघूळ लटकलेलं दिसलं. झोपलंय असं वाटलं. पण एक पंख उघडाच होता, आणि त्याच्या पातळ पडद्यातून गुलाबी दोरी आरपार गेली होती. वाळून पार कागद झाला होता त्याचा. संक्रांतीला तीन महिने होऊन गेले होते रे! पक्षी कापले जातात ते १४ आणि १५ तारखेला, असंच मी धरून चाललो होतो. जखमी पक्ष्यांना वाचवायचं सरकारी करुणा अभियानही १० ते २० जानेवारी असतं, जखमी पक्षी दवाखान्यात पोचतात, म्हणजे काळजी मिटली असं वाटायचं. झाडात गुंतलेली दोरी मात्र तिथेच राहते. रात्री उडणाऱ्या वटवाघळाला, घुबडाला ती दिसणार कशी? आणि कबुतरं तर तीच उचलून घरट्यात नेतात, मग पिल्लांच्या पायांना फास बसतो.

म्हणून या वर्षी वर्गातल्या मुलांना गोळा केलं. १६ आणि १७ तारखेला, सकाळी साडेसहाला, दांडिया बाजारापासून सुरसागर तलावापर्यंत. पहिल्या दिवशी आलो आम्ही चौघं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

हत्यार आपलंच जुनं. लांब बांबू आणि टोकाला बोरीची काटेरी फांदी, पतंग पकडायला करायचो तशी. फांदी दोरीत फिरवली की गुंता आपोआप वर गुंडाळत येतो. जोरात ओढायचं नाही, नाहीतर दोरी तुटून निम्मी वरच राहते. आमच्यातल्या एकाने विजेच्या तारेवरची दोरी काढायला बांबू उचलला आणि माझ्या पोटात गोळा आला. दवाने ओला झालेला बांबू! त्यानंतर तारांना कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. ते वीज कंपनीच्या माणसांचं काम.

पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त दोरी मिळाली ती रस्त्याच्या कडेला, मातीत मिसळलेली. काचेची भुकटी लावलेली असते ना, ओल्या बोटांना ती चिरतेच. हातमोजे घातले तर गाठ सुटत नाही. शेवटी बोटांना चिकटपट्टी गुंडाळली. शंका आली की तुकडा काडीने पेटवून बघायचो: सुती असेल तर जळून राख, नायलॉन असेल तर वितळून काळा मणी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच बंदी घातलेला मांजा, आणि आमच्याच गल्लीत असे मणी निघाले. कुणीतरी विकला आणि आपल्यापैकीच कुणीतरी घेतला ना? याचा मला खरंच राग आहे.

दुसऱ्या दिवशी समोरच्या वाड्यातल्या आजी ओट्यावर आल्या. बघत बसल्या थोडा वेळ, मग म्हणाल्या, "आण इकडे तो गुंता." वाती वळणारे हात त्यांचे! अंगठा आणि करंगळी यांच्यात आठाचा आकडा करत त्यांनी अख्खा गोळा सोडवला. ते बघून खालची पोरं आली, पोरांमागे त्यांच्या आया आल्या. नऊ वाजेपर्यंत ओटा भरला होता. आजी गुंडाळायच्या, मी कात्रीने वीत-वीतभर तुकडे करायचो. अखंड दोरी कचऱ्याच्या गाडीत टाकली तर पुढे तीच गाईच्या, बगळ्याच्या पायात अडकते. दोन पोती भरली.

पुढच्या वर्षी तू १५ ची रात्रीची गाडी पकडून पुण्याला पळू नकोस. दोन दिवस जास्त राहा.

पण त्याआधी एक काम आहे, आणि ते लगेच हवंय. त्या पिंपळाच्या शेंड्याला अजून एक लांब गुलाबी दोरी लोंबते आहे. खालून आमचा बांबू पुरत नाही, आणि आमची गच्ची पडते दुसऱ्या अंगाला. तुमच्या बंद घराच्या गच्चीवरून ती नक्की हाताला येईल. किल्ली कुणाकडे ठेवली आहे, ते काकांना आजच विचारून कळव. संध्याकाळ झाली की वटवाघळं त्याच बाजूने जातात.

तुझाच,
पम्या