कात्रजचा तलाव ‘नैसर्गिक’ नव्हे

संपादक महोदय,

परवा कात्रज तलावाच्या काठावर एक बाबा मुलाला हा तलाव नैसर्गिक असल्याचे सांगत होते. राहवेना म्हणून लिहितो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, ओढ्याला बांध घालून हा तलाव बांधला गेला. पंप कुठला? फक्त जमिनीचा उतार! माणूस आत उतरू शकेल एवढ्या दगडी बंदिस्त नळातून पाणी पार शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांत जाई. वाटेत जागोजागी उच्छ्वास, म्हणजे नळावर बांधलेले हवेचे मनोरे. तिथे हवा निघे, गाळही काढता येई. काही उच्छ्वास आजही उभे आहेत, पण पोस्टर चिकटवायला! तलावात सांडपाणी सोडणे थांबवा आणि काठावर निदान एक माहितीफलक लावा.

– एक वाचक, पुणे