नावं न घेता आभार

जत तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाच्या घरी काय शिजलं तेही लपत नाही. तिथं माझ्या भाच्याचं गुपित आजवर गुपित राहिलं ते तुमच्यामुळं. एचआयव्ही त्याला जन्मापासून. आईबाप लहानपणीच गेले. तुमची नावं लिहिली तर त्याचंही कळेल, म्हणून लिहीत नाही.

एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथल्या समुपदेशक ताई, पंधराव्या वर्षी पोरानं गोळ्या सोडल्या. "मला काही होत नाही, मग रोज कशाला?" आम्ही रागावलो, रडलो, उपयोग शून्य. तुम्ही मला बाहेर बसवलंत (राग आला होता मला) आणि त्याच्याशी एकट्याशी बोललात. नेमानं गोळ्या घेतल्या की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे न लाजता सांगितलंत. पोराला धास्ती होती ती लग्नाची. मावशीला कुठलं विचारतोय तो!

वसतिगृहाचे सर, डबी तुमच्या कपाटात आणि रात्री जेवणानंतर "जरा इकडे ये रे" एवढीच हाक. संमतीशिवाय कुणाची एचआयव्हीची माहिती फोडू नये, असा २०१७चा कायदा आहे. तुम्ही तो वाचला होता की नाही देव जाणे, पाळलात मात्र.

गावातल्या आशा सेविका ताई, पारावरच्या चौकश्या तुम्हीच परतवल्यात. आणि एसटी बंद पडली तेव्हा मिरजेपर्यंत सोडणारे जीपवाले दादा, पैसे घ्यायला हवे होते तुम्ही.

आता तो आयटीआयला आहे, गोळी स्वतःच घेतो. कुठं भेटला तर नुसतं "काय चाललंय?" विचारा.