जनरेटरच्या नव्या बॅटरीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे

विषय: जनरेटरच्या बॅटरीची खरेदी व देखभाल

सप्रेम नमस्कार,

गेल्या मंगळवारी रात्री वीज गेली तेव्हा जनरेटर सुरू झाला नाही आणि बी विंगच्या लिफ्टमध्ये दोन ज्येष्ठ रहिवासी पाऊण तास अडकून पडले. टाकीत डिझेल होते, इंजिनातही दोष नव्हता. स्टार्टर फिरवण्याइतकी ताकद बॅटरीत उरली नव्हती. दोन वर्षांत दुसऱ्यांदा बॅटरी बदलण्याची वेळ आली आहे, म्हणून दरपत्रक मंजूर होण्यापूर्वी हे लिहीत आहे.

आलेल्या दरपत्रकांपैकी सर्वांत स्वस्त दरपत्रक इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीचे आहे. ती बॅटरी थोडा थोडा प्रवाह तासन्‌तास पुरवण्यासाठी बनवलेली असते. स्टार्टरला मात्र काही सेकंदांतच शेकडो अँपिअर लागतात, आणि त्यासाठी पातळ व अधिक प्लेटांची स्टार्टिंग बॅटरीच हवी. तिची क्षमता जनरेटरच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून घ्यावी, तसेच दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेला माल आपल्याकडे येऊ नये यासाठी उत्पादनाची तारीख पाहूनच ती स्वीकारावी, असा माझा आग्रह आहे.

देखभालीकडे तर आपले पूर्ण दुर्लक्ष झाले आहे. सुरक्षारक्षक बॅटरीत बोअरवेलचे पाणी घालत असत. यात दोष त्यांचा नाही, कारण डिस्टिल्ड वॉटरचा कॅन त्यांना कोणी आणून दिलाच नव्हता. क्षारांमुळे प्लेटा खराब होतात. शिवाय जनरेटरचे नियंत्रण पॅनेल अहोरात्र याच बॅटरीवर चालते आणि आठवड्यातून पाच मिनिटे इंजिन चालवून ती तूट भरून निघत नाही. अर्धवट चार्ज अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर धरतो आणि मग चार्जिंग करूनही तो सुटत नाही. म्हणून नव्या बॅटरीबरोबरच फ्लोट चार्जर, म्हणजे विजेवर चालून बॅटरी सतत पूर्ण चार्ज ठेवणारा चार्जर, बसवावा. त्याचा खर्च आणखी एका बॅटरीपेक्षा कमीच येईल.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता, 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांना धरून, विक्रेत्याकडेच परत करावी.

दरमहा पाण्याची पातळी पाहणे, टर्मिनल साफ करून त्यांना पेट्रोलियम जेली लावणे आणि चार्जर काही तास बंद ठेवून व्होल्टेज नोंदवणे ही कामे मी स्वतः करीन. पूर्ण चार्ज झालेली 12 व्होल्टची बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, आकडा 12.4च्या खाली गेला, तर मी त्याच दिवशी कार्यालयाला लेखी कळवीन. त्यासाठी जनरेटर खोलीची एक किल्ली मला मिळावी, ही विनंती.

आपला,
सदनिकाधारक, बी विंग