लाल-हिरव्या खुणा वाचवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

नव्या मशीनवर डेटा हलवल्यापासून आमच्या डॉक्युमेंटेशन टीमचा एक्सप्लोरर रखडत होता. फोल्डर उघडला की वरची हिरवी पट्टी सरकत राहायची, मग एकेका आयकॉनवर टिकमार्क उमटायचा, काहींवर तर उमटायचाच नाही. या खुणा टॉर्टॉइज-एसव्हीएन या आमच्या फाइलींमधले बदल सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या. जो तो एकच सल्ला द्यायचा, ‘टॉर्टॉइज-एसव्हीएनच्या खुणा बंद करून टाका.’ तुम्ही तसं केलं नाहीत, म्हणून हे पत्र.

आधी तुम्ही विचारलंत, की या खुणा तुम्हाला लागतात कशाला? आमच्यात कमांड लाइन वापरणारं, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करणारं कुणी नाही. वर्डच्या फाइलवर लाल उद्गारचिन्ह दिसलं, की कमिट, म्हणजे बदल सामाईक साठ्यात (रिपॉझिटरीत) पाठवणं राहिलंय हे कळतं. एवढं ऐकल्यावर तुम्ही म्हणालात, ‘मग त्या राहिल्याच पाहिजेत.’ आणि खुर्ची ओढून बसलात.

फोल्डरला हिरवी खूण द्यायची तर त्याच्या पोटातली प्रत्येक फाइल तपासावी लागते. टीएसव्हीएनकॅश हा प्रोसेस ते काम मागे करत असतो. फाइलची वेळ आणि आकार एसव्हीएनच्या नोंदीशी जुळले, की तो पुढे सरकतो. आकार तोच पण वेळ वेगळी असली, तर मात्र अख्खी फाइल वाचून मजकूर ताडून पाहतो. तुम्ही एका जुन्या मॅन्युअलच्या प्रॉपर्टीज उघडल्यात: कित्येक वर्षांत हात न लागलेली फाइल, आणि ‘मॉडिफाइड’ची तारीख डेटा हलवल्याच्या दिवशीची! सगळ्याच फाइलींचं तसं झालं होतं. टॉर्टॉइजच्या क्लीनअपमध्ये ‘फिक्स टाइम स्टॅम्प्स’वर टिक केलीत आणि वेळांच्या नोंदी जागेवर आल्या. इतका साधा पर्याय आमच्या डोळ्यांसमोर होता, पण त्याचा अर्थ सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

मग आयकॉन ओव्हरलेजच्या, म्हणजे या खुणांच्या सेटिंगमध्ये अख्खा डी ड्राइव्ह वगळून फक्त आमचे कामाचे फोल्डर ठेवलेत. जुन्या ब्रँचेसचा (कामाच्या वेगळ्या प्रतींचा) ढीग विनाकारण चाळला जाणं त्याने थांबलं.

खुणा न उमटण्याचं कारण निराळंच निघालं. विंडोज अशा खुणांसाठी 15 च जागा देतं, त्यातल्या काही स्वतःच घेतं, आणि उरलेल्या रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) नावांच्या क्रमाने वाटतं. म्हणून काही क्लाउड ड्राइव्हवाले नावाआधी स्पेस टाकून पुढे घुसतात. आम्ही वापरतच नसलेल्यांच्या नोंदी तुम्ही काढल्यात, तेही आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घेऊन.

हे तुमच्या कामाच्या यादीत नव्हतं, तरी दुपारभर बसलात आणि प्रत्येक पायरीचं कारण सांगितलंत. टॉर्टॉइज-एसव्हीएन लिहून सगळ्यांना मोफत देणाऱ्यांचेही याच पत्रात आभार.

तुमच्या सांगण्यावरून काढलेलं टिपण आम्ही रिपॉझिटरीत टाकलंय. डिझाइन टीमलाही तोच त्रास आहे. त्यांना ते द्यायला तुमची हरकत नसावी.

आपली,
डॉक्युमेंटेशन टीममधली एक लेखिका