तळ्याकाठी शेजारच्या पेगवर (गळ टाकायच्या जागेवर) बसणाऱ्या आजोबांना

आजोबा,

तुमचं नाव विचारायचं राहिलं. तुम्हाला मराठी येत नाही, तरी मराठीतच लिहितोय, कारण यातलं निम्मं पत्र बाबांचं आहे.

बाबा मालवणचे. खाडीत गरवण्यात, म्हणजे गळाने मासे धरण्यात, त्यांचा जन्म गेला. जूनमध्ये इंग्लंडात लेस्टरला माझ्याकडे आले आणि आठवड्यात घरात कोंडल्यासारखे झाले, म्हणून त्यांना कार्प-टेंच माशांच्या या तळ्यावर आणलं. पहिल्या शनिवारचं काय सांगू! दोघांची मासे धरायची लायसन्सं खिशात, दिवसाचं तिकीट काढलेलं, तरी पलीकडच्या दोघांनी येऊन आमच्या बादलीत डोकावून बघितलं. आत मक्याचे दाणे होते. तिसरा लांबूनच ओरडला, इथले मासे घरी न्यायचे नसतात. बाबांना इंग्रजी येत नाही, पण सूर बरोबर समजला. दहाच्या आत आम्ही घरी.

पुढच्या शनिवारी मीच हट्टाने त्यांना घेऊन आलो. पहाटे कमळांच्या पानांशी साबुदाण्याहून बारीक बुडबुडे उठले. "खाली मासो चरता," बाबा म्हणाले आणि नेमका तिथे मका टाकला. इथे गळाला उलटा काटा चालत नाही. असल्या गळावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, पण मासा लागल्यावर दोरी त्यांनी क्षणभरही सैल सोडली नाही. जाळ्यात टेंच आली: शेवाळी-सोनेरी अंग, लालभडक डोळा. बाबा सवयीने कोरड्या हातांनीच धरायला वाकले.

तेव्हा तुम्ही उठलात. मला वाटलं, झालं, आता हाही ओरडणार. तुम्ही त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसलात, आपले दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवलेत आणि बाबांकडे बघितलंत. बस्स. बाबांनीही हात बुडवले. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग धरतो, हे मी त्यांना नंतर समजावलं. तेव्हा गरज पडली नाही. मासा धरला त्यांनी, पाण्यात सोडलाही त्यांनीच. तुम्ही त्याला बोटसुद्धा लावलं नाहीत. शिकवणाऱ्याला एवढा धीर क्वचितच असतो. मला तर नाहीच, बाबांना मोबाईल शिकवताना दिसतं ते.

बाबा मात्र हळहळत होते. "एवढो मोठो मासो सोडून देवचो? मगे धरलो कित्याक?" तुम्ही फ्लास्कच्या झाकणात त्यांना चहा दिलात आणि सांगितलंत, इथली जुनी समजूत अशी की टेंच म्हणजे माशांचा डॉक्टर, आजारी मासे तिला अंग घासून बरे होतात. मी भाषांतर केलं. बाबांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "मगे बरा झाला. वैद्याक कोण खाता?"

त्यावर तुम्ही का हसलात कोण जाणे, मी अजून इंग्रजीत सांगितलंही नव्हतं.

परवा मालवणहून फोन आला. तब्येत, पाऊस वगैरे झाल्यावर बाबांनी विचारलं, "त्या म्हाताऱ्याचा झाकण परत केलंस?" नाही केलं. गडबडीत ते आमच्याच पिशवीत आलं. शनिवारी पहाटे घेऊन येतो. चहा तेवढा तुमचा.