जावक क्रमांक कुठे आहे?

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण कळवा-खारेगावात ज्यांची मुलं आमच्या शाळेत जातात, त्यांना हे पत्र कुणाला आहे ते चार ओळींत कळेल. जूनमध्ये पेढे घेऊन आलो, तेव्हा तुम्ही पुडा उघडलासुद्धा नाहीत. "पहिलीच्या मुलांना वाटा" एवढंच म्हणालात आणि दार लोटून घेतलंत. त्या दिवशी जे बोलायचं राहिलं, ते आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

जानेवारी २०२५ मध्ये शाळेच्या फळ्यावर एक नोटीस लागली. "शासनाच्या धोरणानुसार पुढील शैक्षणिक वर्षापासून इयत्ता पहिलीचा वर्ग सुरू करण्यात येणार नाही." एक ओळ, खाली शिक्का. माझी मुलगी तिसरीत होती आणि धाकटा जूनमध्ये पहिलीत जायचा होता. आमच्यासारख्यांना परवडणारी दुसरी मराठी शाळा म्हणजे जुना मुंबई-पुणे रस्ता ओलांडून पलीकडे. कळवा नाक्याची सकाळची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सहा वर्षांचं पोर त्या रस्त्यावरून रोज न्यायचं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मी लॅबमध्ये सकाळी साडेसातला हजर असते, ह्यांची कामाची पाळी बदलती. नेणार कोण, हा प्रश्न त्या रात्री आमच्या घरात होता, तसाच अनेक घरांत होता.

दोन दिवसांनी मंडळाच्या हॉलमध्ये सभा झाली. तुम्हाला आठवत असेल. एका पक्षाचे कार्यकर्ते सांगत होते की सरकार मराठी शाळा संपवायला निघालं आहे, २०२३ साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विषय काढला होता तो उगाच नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते की सरकारचा काही संबंध नाही, शाळा चालवणाऱ्या संस्थेचा जागेवर डोळा आहे. आवाज चढले. मीही ओरडले. कुणाच्या विरोधात ओरडत होते, ते आज मला नीटसं सांगता येणार नाही. घाबरले होते, एवढं खरं. ठाण्यातल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली, पालिकेत प्रशासक. कुठला नगरसेवक आपल्यासाठी सभागृहात प्रश्न विचारेल, अशीही सोय उरली नव्हती.

तेव्हा मागच्या रांगेतून तुम्ही उठलात. आवाज न चढवता विचारलंत, "या नोटिशीत ज्या शासनाच्या धोरणाचा उल्लेख आहे, त्याचा जावक क्रमांक आणि तारीख कुणी पाहिली आहे का?"

हॉल गप्प झाला. कुणीच पाहिली नव्हती. सरकारला शिव्या देणाऱ्यांनी नाही आणि सरकारची बाजू घेणाऱ्यांनीही नाही. तुम्ही पुढे म्हणालात, "मी अडतीस वर्षं सरकारी कागद हाताळले. आदेशाला क्रमांक असतो, तारीख असते, सही करणाऱ्याचं पदनाम असतं. यातलं काही नसेल, तर आपण अजून कशावर भांडतोय ते आपल्यालाच माहीत नाही." आणि बसलात. मला त्या वेळी तुमचा रागच आला होता. मुलाची शाळा चाललीय आणि हे गृहस्थ क्रमांक विचारतात!

तरी दुसऱ्या रविवारी मी तुम्हाला शोधत स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आले. १८९३ पासून चालू असलेली ती संस्था मी ठाण्यात वाढूनही आतून कधी पाहिली नव्हती. माझ्याकडे रात्री जागून लिहिलेला अडीच पानांचा अर्ज होता. त्यात सगळं होतं. आम्ही किती कष्टाने मुलं शिकवतो, मराठीवर कसा अन्याय होतो, पहिलीचा वर्ग का बंद करता, याला जबाबदार कोण. तुम्ही तो पूर्ण वाचलात, दोनदा. मग चष्मा काढून म्हणालात, "ताई, यातलं एक अक्षर खोटं नाही. पण माहितीच्या अधिकारात 'का' विचारून उत्तर मिळत नाही. कागद मागायचा. 'का' त्या कागदात लिहिलेलं असतं."

पुढचा दीड तास आपण माझी अडीच पानं दीडशे शब्दांत बसवत होतो. महाराष्ट्रात २०१२ पासून अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय चालतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "याला जबाबदार कोण" गेलं. त्या जागी आलं, "इयत्ता पहिलीचा वर्ग बंद करण्याबाबत संस्थेने सादर केलेला प्रस्ताव, त्यासोबतची सर्व सहपत्रे, त्यावरील टिपणी व कार्यालयाने दिलेला आदेश यांच्या साक्षांकित प्रती." एकेक शब्द का, ते तुम्ही समजावलंत. "सहपत्रे" नाही लिहिलं तर प्रस्तावाचं वरचं एक पान हातात ठेवतील. "टिपणी" नाही लिहिलं तर आत कोणी काय मत दिलं ते दिसणार नाही. अर्ज आधी शाळेला न देता शिक्षण विभागाच्या कार्यालयाला द्यायचा, हेही तुमचंच. अनुदानित शाळा वर्ग बंद करते म्हणजे तिचा कागद तिथे पोचलेला असणारच, म्हणालात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप तुमच्या पाकिटात तयार होता. त्याचे पैसे मी देऊ केले, तेव्हा मात्र तुम्ही घेतलेत. "अर्ज तुमचा आहे, स्टँपही तुमचाच हवा." ही गोष्ट मी पुष्कळ जणींना सांगितली आहे.

तीस दिवस गेले, उत्तर नाही. मी खचले. तुम्ही वही काढून तारीख बघितलीत आणि म्हणालात, "आता त्यांना प्रती फुकट द्याव्या लागतील." मुदतीत माहिती दिली नाही तर शुल्क घेता येत नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. पहिल्या अपिलाला वीस रुपयांचा स्टँप लागला. सुनावणीला तुम्ही सोबत आलात, पण आत बोलला नाहीत. आदल्या दिवशी मी विनवलं होतं की तुम्हीच बोला, मला जमणार नाही. तुम्ही म्हणालात, "मी बोललो तर एक निवृत्त कारकून बोलला. आई बोलली तर ते लक्षात ठेवतील." मी बोलले. आवाज थरथरत होता. टेबलापलीकडच्या बाईंनी मला पाणी दिलं आणि ऐकून घेतलं. पंधरा दिवसांत फाईल दाखवण्याचा आणि प्रती देण्याचा आदेश झाला. त्या बाईंचेही आभार मानायला हवेत, तेही इथेच मानते.

फाईल उघडली तो दिवस मी विसरणार नाही. पिवळा फोल्डर, हिरवी दोरी. तुम्ही मला पानं खालून वर वाचायला शिकवलंत, कारण जुना कागद सगळ्यात खाली असतो. खाली संस्थेचा प्रस्ताव होता: अपुरी पटसंख्या, वर्ग चालवणं शक्य नाही, पालकांची संमती घेतली आहे. सोबत सभेचं इतिवृत्त आणि पालकांच्या सह्या. त्या सह्यांत नवव्या क्रमांकावर माझी सही होती.

काका, माझ्या पायांखालची जमीन सरकली. मी असली कुठलीच संमती दिली नव्हती. मग तारीख पाहिली आणि आठवलं. त्या दिवशी शाळेत सहलीसाठी पालकसभा होती, आणि हजेरीच्या कागदावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. तोच कागद संमती म्हणून जोडला होता.

तुम्ही एक शब्द न बोलता बोट वरच्या पानावर नेलंत. कार्यालयाने प्रस्ताव परत पाठवला होता. त्रुटी काढल्या होत्या: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडलेला नाही, शेजारच्या शाळेचं अंतर नमूद नाही. पुढे काही नव्हतं, मंजुरीही नाही आणि आदेशही नाही. फळ्यावरचं "शासनाचं धोरण" कुठल्याच कागदावर नव्हतं.

म्हणजे हॉलमध्ये त्या रात्री दोन्ही बाजू चुकीच्या होत्या. सरकारने वर्ग बंद केला म्हणणारे चुकले. आणि ज्या कार्यालयाला सगळे झोपलेलं समजत होते, तिथल्या कुणा एका माणसाने प्रस्ताव नीट वाचून त्रुटी काढली होती. त्याचं नाव आम्हाला माहीत नाही. त्याने सही करून मोकळं व्हायचं ठरवलं असतं, तर आम्ही काय करणार होतो? ही गोष्ट मला अजून रात्री आठवते.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यातलं एकविसावं कलम तुम्ही मला फाईल पाहून परत येताना, कळव्याच्या पुलावर बस अडकली होती तेव्हा समजावलंत. अनुदानित शाळेलाही व्यवस्थापन समिती लागते, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका. आमच्या शाळेत अशी समिती आहे, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. पुढच्या सभेत मी फक्त कागद वाचून दाखवले, कुणावर आरोप केला नाही. तुम्ही तशी अट घातली होती आणि मला ती अवघड गेली. पण कागद ऐकल्यावर दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते एकाच रांगेत येऊन बसले. संस्थेच्या लोकांनी आठवड्यात नोटीस उतरवली. समिती नव्याने झाली, मी तिच्यात आहे. आम्ही घरोघर जाऊन पहिलीचे प्रवेश आणले, कारण पट कमी होता हे तर खरंच होतं, ते काही संस्थेने रचलेलं नव्हतं. १६ जून २०२५ ला शाळा भरली तेव्हा माझा धाकटा पहिलीच्या वर्गात, दुसऱ्या बाकावर बसला होता.

त्याच महिन्यात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याचा वाद पेटला. आमच्या पालकांमध्ये पुन्हा तेच सुरू झालं: सक्ती आहे, सक्ती नाही, मराठी गेली, काही होत नाही. मी तुम्हाला फोन न करता शासनाच्या संकेतस्थळावरून दोन्ही निर्णय काढले, १६ एप्रिलचा आणि १७ जूनचा. शासन निर्णयावर जो लांबलचक संकेतांक असतो त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस, हे तुम्हीच दाखवलं होतंत. त्यावरून कुठला कागद आधीचा ते पटकन समजलं. एप्रिलमध्ये "अनिवार्य" होतं, जूनमध्ये त्या जागी "सर्वसाधारणपणे" आलं होतं, आणि हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी तर वर्गात किमान वीस विद्यार्थी हवेत अशी अट होती. एका शब्दाच्या बदलावरून आमच्यातले अर्धे लोक भांडत होते आणि तो शब्द कुणी वाचला नव्हता. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. माझं मत मी लपवलं नाही: पहिलीच्या पोरावर तिसरी भाषा लादू नये, आणि वीसच्या अटीमुळे आमच्यासारख्या छोट्या वर्गाला पर्याय उरतच नव्हता. पण मत सांगण्याआधी कागद सांगितला. २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं ठरवलं. त्या संध्याकाळी तुमचा फोन आला. "मागे घेतल्याचाही कागद बघा," म्हणालात.

जानेवारी २०२६ मध्ये पालिकेची निवडणूक झाली. कोपरा सभेत एक उमेदवार शाळांबद्दल बोलत होते. मी उठून विचारलं की निवडून आलात तर शिक्षणाच्या ठरावांच्या प्रती प्रभागात लावाल का. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे बरीचशी माहिती कुणी न मागताच जाहीर करायची असते, हेही सांगितलं. आवाज थरथरला नाही. ते "हो" म्हणाले. मी तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवली आहे.

तुमचा गुडघा आता जिने चढू देत नाही, म्हणून सोमवारची जबाबदारी मी घेतली आहे. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ सरकारी कार्यालयांत फाईल पाहता येते, हे अजून कितीतरी लोकांना माहीत नाही. लॅबमध्ये सोमवारी माझी दुपार मोकळी करून घेतली आहे. गेल्या वेळी दिव्याहून एक आई आली होती, तिच्या मुलीच्या शाळेत शिक्षकाची जागा दोन वर्षं रिकामी आहे. तिने चार पानं लिहून आणली होती. मी ती पूर्ण वाचली, दोनदा. मग आम्ही दीडशे शब्द करायला बसलो. स्टँप माझ्याकडे होता. तिने दहा रुपये दिले, ते मी घेतले.

तिची मुदत २३ तारखेला संपते. उत्तर आलं नाही, तर अपिलाचा मसुदा घेऊन मी रविवारी तुमच्याकडे येते. पेढे आणणार नाही.

आपली,
पहिली आणि चौथीतल्या दोन मुलांची आई
कळवा, ठाणे